शेडचे पडदे

बाबा, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही, पण तुमच्यावरचा राग अजून तसाच आहे, म्हणून लिहायला बसले. संपात गिरणी सुटली आणि तुम्ही बोरिवलीला खाडीच्या बाजूला कोंबड्यांची शेड घातलीत. मी कॉलेज सोडून मदतीला आले आणि त्या कामात रमले. थंडी पडली की तुमचा हुकूम एकच, पडदे खाली. "वारो लागाक नको त्यांका." दोन्ही बाजूंना जमिनीपर्यंत गोणपाट, खाली ओलं झालेलं भाताचं तूस आणि त्यातून उठणारा अमोनिया. सकाळी दार उघडलं की माझ्या डोळ्यांना धारा लागायच्या. मी पडदे हातभर वर करते, तुम्ही मागून येऊन पुन्हा सोडता. दिवसभर आत राहणाऱ्याला तो वास कळेनासा होतो, आणि तुम्ही तर आतच असायचात.

मग कोंबड्या डोळे मिटून कोपऱ्यात बसू लागल्या, घरघरू लागल्या, रोज काही मरू लागल्या. गुरांचे डॉक्टर आले. ते कोंबड्यांच्या उंचीला उकिडवे बसले आणि डोळे पुसतच उठले. "ही हवा घेतायत त्या. पडदे कोण बंद ठेवतं?" तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "हीच बघते, डॉक्टर. सांगून सांगून थकलो, पोरगी ऐकत नाय." मी तोंड उघडलं, पण तुम्ही माझ्याकडे बघायलाच तयार नव्हतात. महिन्याभरात शेड माझ्या धाकट्या भावाकडे गेली आणि मला अंधेरीच्या एका ऑफिसात टायपिंगला चिकटवलंत. चाळभर सांगितलंत, पोरीच्या हलगर्जीपणाने पक्षी गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. परक्याने दिली असती तर मी विसरलेही असते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. त्याच्या पुढच्या थंडीत एका रविवारी मी तुमचा डबा घेऊन शेडवर आले होते. पडदे खालीच. तुम्ही मला दारात थांबवून, आयुष्यात पहिल्यांदा, माझं मत विचारलंत. "वास येता काय गो? माझ्या नाकाक कायच कळना नाय." दारातच माझे डोळे चुरचुरत होते. मी म्हटलं, "नाही बाबा, कसलाच नाही." सूड तुमच्यावर उगवला आणि भोगलं आतल्या कोंबड्यांनी.