चुन्याची कमान

बाबूजी, तुमचे जोडफोटो मला कधीच आवडले नाहीत. हे सांगायला मला आज धीर लागत नाही, तेव्हाही लागला नव्हता. परवा पुतण्या फोन हातात धरून जागच्या जागी फिरला आणि अख्खा तलाव एका फोटोत आला. एवढ्याचसाठी तुम्ही चार-चार दिवस घालवायचात आणि वर सगळ्या भंडारा जिल्ह्यात तोरा मिरवायचात.

तुमची पद्धत मला तोंडपाठ आहे. स्टँडच्या पायाला दोरी बांधायची आणि दुसऱ्या टोकाने जमिनीवर चुन्याची कमान आखायची. त्या कमानीवर उभं राहिलेलं प्रत्येक माणूस कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर. मग कॅमेरा डावीकडे, मध्ये, उजवीकडे वळवून तीन फोटो. तिन्ही प्रिंट ब्लेडने कापून चिकटवायचे, जोडावर ब्रश फिरवायचा आणि त्या चिकटवलेल्याचा पुन्हा एक फोटो काढायचा. कमानीत उभी असलेली माणसं फोटोत सरळ रांगेत दिसायची. लोक तुम्हाला जादूगार म्हणायचे आणि तुम्हाला ते खरंच वाटायचं.

पण ब्लेड कुठून जाणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असे. त्या जागी तुम्ही नेमकं घरात मान नसलेलं माणूस उभं करायचात. एकोडी गावातल्या त्या मोठ्या धानवाल्या घराचा फोटो आठवतो? सत्तरच्या दशकातली गोष्ट, मी कॉलेज सोडून, तुमची लेक म्हणून, तुमच्याच स्टुडिओत बसत होते. तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, तीस-पस्तीस माणसं, मध्ये खुर्चीवर घरधनी, आणि जोडावर त्यांची विधवा भावजय. सगळं घर तिला काकू म्हणे. प्रिंट तयार झाला तेव्हा काकूचा उजवा हात खांद्यापासून गायब होता. मी दाखवलं तर तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तिच्या हातानं काय होते? मालकाचा चेहरा साबूत हाये ना?" त्या दिवसापासून तुमच्या कलेबद्दल मला काडीचा आदर उरला नाही.

ऐंशीनंतर मी नागपूरहून जुना वाइड अँगल लेन्स आणला. तुम्ही तो डोळ्याला लावलात आणि नाक मुरडलंत. मी म्हणाले, जोड नाही, ब्लेड नाही, एकदा बटण दाबलं की सगळे आत. तुमचे गुडघे धरले होते म्हणून त्याच घराच्या दुसऱ्या फोटोला मी एकटी गेले. जाऊन बघते तर त्यांनी आधीच दोरी धरून चुन्याची कमान आखलेली, आणि सगळे तिच्यावर तयार उभे. तुमचीच शिकवण! वाइड लेन्सला माणसं सरळ रांगेत लागतात, कमानीत नाही, हे मला कळायला हवं होतं. पण तो लेन्स काहीही सांभाळेल अशी माझी घमेंड. कमानीची दोन्ही टोकं पुढे आलेली, त्यात लेन्स कडेची माणसं आधीच ताणतो. मधले मालक चिमणीएवढे झाले आणि टोकाला उभ्या काकूचं तोंड आडवं पसरलं. टोकाला तिला मीच हलवून उभं केलं होतं. मान नसलेलं माणूस आणखी कुठे उभं करणार?

फोटो झाल्यावर ती पदर सावरत जवळ आली. "माहा एकटीचा काढून दे ना वं माय. आतापावतर कोनं काढला नाही." मी म्हणाले, "रोल संपला, काकू." ती हसली, "राहू दे मंग," म्हणाली आणि भांडी उचलायला गेली.

प्रिंट बघून तुम्ही मला सोडलं नाहीत. "हे मानूस हाये का कोहळं?" मीही सोडलं नाही. म्हणाले, "तुम्ही तर तिचा हातच खाल्ला होता."

दोन वर्षांत काकू गेली. तेरवीला हार घालायला घरच्यांना फोटो हवा होता आणि जगात तिचे दोनच होते, एक तुमचा, एक माझा. तुमच्यातला चेहरा शेंगदाण्याएवढा, माझ्यातला पसरलेला. तुम्ही माझ्याच प्रिंटवर ब्रश घेऊन बसलात आणि तीन दिवस तिचे गाल आत घेत राहिलात. शेवटी जो चेहरा निघाला तो कुठल्याही बाईचा असू शकला असता. घरच्यांनी त्यालाच हार घातला. परतताना एसटीत तुम्ही विचारलंत, "त्या दिवशी रोलात एखादा फोटो उरला नव्हता का वं पोरी?" मी म्हणाले, "नाही." मला वाटलं, म्हातारा आता कशाला हळवेपणा करतो आहे.

हे पत्र पाठवायचं नाही. तुम्ही जिवंत असतात तरी पाठवलं नसतं. रोलमध्ये दोन फोटो उरले होते, बाबूजी. काकू भांडी घेऊन आत गेल्यावर मी पाळीवर चढले आणि लेन्स किती मोठा तलाव घेतो ते बघायला दोन्ही तलावावर घालवले. त्यातला एक माझ्या बैठकीत लावला आहे. येणारे-जाणारे त्याचं फार कौतुक करतात.