दादाचं अर्धं वाक्य आणि फुकटची मीटिंग

तीर्थरूप वहिनींना,

तुमच्या एकुलत्या एका (आणि तुमच्याच शब्दांत, एवढा एकच पुरे असलेल्या) दिराचा वाकून नमस्कार.

तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? बाळंतिणीला झोप मिळते का, की नातू तुम्हा दोघींना आळीपाळीने जागवतो? जावईबापूंना नमस्कार सांगा. इकडे आम्ही दोघे भाऊ सुखरूप आहोत, घर जागेवर आहे आणि दुकान उघडं आहे. दुकानाचं मुद्दाम लिहितो, कारण काल संध्याकाळीच माझा जीव भांड्यात पडला आणि अजून तो तिथेच आरामात पडून आहे.

जाताना तुम्ही मला दोन कामं सांगितली होतीत. झाडांना पाणी घालायचं आणि तुम्ही येईपर्यंत दादाला दुकान बंद करू द्यायचं नाही. झाडांबद्दल आपण भेटीत बोलू. दुकानाचं सांगायचं तर, तुम्ही गेल्यापासून दादाची अर्धी वाक्यं घरभर पडलेली असतात. "अरे, ते जरा..." म्हणतो आणि थांबतो. तुम्ही असताना पुढचा भाग तुमच्याकडून यायचा. मी अंदाजाने खिडकी लावून घेतो, तर त्याला चष्मा हवा असतो. गिऱ्हाइकांचंही तसंच. माणूस भिंतीवरचं घड्याळ काखेत मारून येतो, काय झालंय म्हणून विचारतो, दादा म्हणतो, "याचं ना, आतलं ते..." आणि आत बघत बसतो. गिऱ्हाईक थोडा वेळ उभं राहतं आणि घड्याळ घेऊन निघून जातं. एक दिवस दादा जेवता जेवता म्हणाला, "महिनाअखेरीला दुकानाला कुलूप लावतो." (तेवढं एक वाक्य मात्र त्याने न अडखळता पूर्ण केलं.) दुकान बंद झालं तर हा माणूस दिवसभर घरात बसून काय करेल, या विचाराने मी हातातला घास परत ताटात ठेवला. तुमचं तोंडही डोळ्यांपुढे आलं.

अशात तंत्रशाळेचे मुख्याध्यापक आले. त्यांना संध्याकाळी घड्याळ दुरुस्तीचा वर्ग चालवायचा होता, तोही ऑनलाइन. दादाने आधी एक वेबिनार घ्यावा, लोक शेवटपर्यंत टिकले तर वर्ग दादाचा, आणि मुलं सरावाला आपल्याच दुकानात येणार. दुकान वाचवायला दुसरं काय हवं होतं? वेबिनारची व्यवस्था मात्र आमची आम्ही करायची होती. दादा "मला ते..." म्हणाला, आणि मी ते वाक्य "जमेल" असं पूर्ण करून टाकलं.

व्यवस्था मी अंगावर घेतली. निवृत्त झाल्यापासून फोनच्या विषयात माझा हात कोणी धरणार नाही, हे तुम्ही मान्य करत नसलात तरी शेजारचा औषधवाला करतो. आम्ही दोघांनी मिळून फुकटच्या सगळ्या जागा धुंडाळल्या. वहिनी, जगात फुकट मीटिंगा देणाऱ्या कंपन्या इतक्या आहेत की पैसे घेतं कोण, असा प्रश्न पडतो. मग खालची बारीक अक्षरं वाचली की उत्तर सापडतं. एकीकडे हवा तितका वेळ बोला, पण माणसं दोनच. (दोघांनीच बोलायचं तर ती सोय लग्नातही असते.) दुसरीकडे शंभर माणसं, पण कंपनीचं नाव दादाच्या कपाळावर आडवं. तिसरीकडे सगळं मिळत होतं, फक्त येणाऱ्या प्रत्येकाला पडद्यावर चित्र काढायची मुभा होती. सरावाच्या वेळी औषधवाल्याने दादाला झुपकेदार मिशा काढल्या, आणि दादा बिचारा भिंगाचं फडकं घेऊन फोनची काच पुसत बसला. शेवटी जी निवडली तिथे माणसं शंभर, कपाळ मोकळं, मिशा नाहीत. फक्त चाळीस मिनिटं झाली की मीटिंग आपोआप बंद. म्हटलं, चाळीस मिनिटं काय कमी झाली? दादा इतकं गेल्या वर्षभरात बोललेला नाही.

सरावात आणखी एक घोळ झाला. मी माझा फोन घेऊन मागच्या खोलीत बसलो आणि दादा दुकानात. दोन्ही फोनचे आवाज एकमेकांत शिरले. दादाला स्वतःचंच बोलणं थोडं उशिरा ऐकू यायला लागलं. त्याला वाटलं, कोणीतरी भला माणूस बोलतोय, म्हणून तो दर वेळी थांबून त्याला बोलू द्यायचा. दोघेही फार सभ्य असल्यामुळे पुढे काही सरकेना.

काल वेबिनारचा दिवस. आपल्या दुकानातली घड्याळं कधी एका वेळी वाजत नाहीत, एक संपलं की दुसरं सुरू होतं. म्हणून मी सुरुवातीआधी भिंतीवरचा एकेक लंबक हाताने थांबवला. दुकान इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. औषधवाल्याने मीटिंग मांडून दिली आणि तो आपल्या गिऱ्हाइकांकडे गेला. मी ओळखीच्या सगळ्यांना लिंक धाडली होती, बरीच माणसं आली. त्यांत एक कोणी 'पाहुणा' होता. त्याचा कॅमेरा बंद आणि माइक चालू.

दादाने डोळ्याला भिंग लावलं, एक जुनं घड्याळ पुढे घेतलं आणि नेहमीसारखा सुरू झाला. "आधी हे असं धरायचं, आणि मग ते घ्यायचं... ते हे..." माझी पाचावर धारण बसली. तेवढ्यात फोनमधून दबका आवाज आला, "चिमटा." दादाने मान वर केली, क्षणभर फोनकडे बघितलं आणि ताठ बसला. "हां, चिमटा," म्हणाला. पुढे "आतली ती..." झालं की पाहुणा म्हणे "स्प्रिंग", आणि दादा पुढे जाई. मग हळूहळू पाहुण्याची गरज कमी होत गेली. दादा बोलत होता, वहिनी. माझा सख्खा भाऊ लोकांशी बोलत होता, आणि मला फोनच्या मागे उभ्याने रडू येत होतं.

या आनंदात वेळ किती झाला ते बघायचं राहून गेलं. बघायला गेलो तर भिंतीवरची सगळी घड्याळं मी सुरुवातीआधी थांबवली तिथेच. आवाज पुन्हा एकमेकांत शिरू नयेत म्हणून दुकानात फोन एकच ठेवला होता, तोही दादाकडे तोंड करून. माझं मनगटी घड्याळ तुमच्या नवऱ्याकडे दुरुस्तीला पडलेलं (घरचं काम म्हणून शेवटी). घड्याळांच्या दुकानात वेळ सांगणारं एकही घड्याळ नव्हतं. कंपनी म्हणे आधी सूचना देते. ती आलीही असेल, पण दादाच्या भिंगातून फक्त स्प्रिंग दिसते. तो सांगत होता, "घड्याळ दुरुस्त करताना लोक सगळ्यात मोठी चूक करतात, ती म्हणजे..." आणि पडदा काळा झाला.

मी घाईघाईने नवी मीटिंग माझ्या अकलेने उघडली, सगळ्यांना लिंक पाठवली आणि आम्ही वाट बघत बसलो. कोणी येईना. पडद्यावर फक्त दादा. तो आपल्याच तोंडाकडे बघत होता. मग त्याने भिंग काढून डबीत ठेवलं, डबी बंद केली आणि म्हणाला, "जाऊ दे रे. कंटाळले असतील." तो उठून शटर ओढायचा आकडा शोधायला लागला. तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात मला बारीक अक्षरात एक संख्या दिसली. माणसं कधीची बाहेर उभी होती आणि त्यांना आत घ्यायचं बटण मला दाबायचं होतं. ते मी दाबलं, आणि पडदा तोंडांनी भरला. आधीपेक्षा जास्त माणसं होती, कारण काहींनी घरच्यांनाही बोलावून आणलं होतं. मुख्याध्यापकांनी पहिला प्रश्न विचारला, "ती चूक कोणती?"

पाहुणाही आत आला होता, माइक चालू होता, पण या वेळी तो गप्प राहिला. दादाने सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "ती म्हणजे घड्याळ उघडणं. बहुतेक घड्याळं नुसती सरळ टांगली की चालतात." लोक खो खो हसले, मग माना डोलवायला लागले. मुख्याध्यापक म्हणाले, कुठे थांबायचं हे कळणारा शिक्षक विरळा. (चाळीस मिनिटांबद्दल मी तोंड उघडलं नाही.) वर्ग दादाला मिळाला. शटरचा आकडा पुन्हा खिळ्याला लागला आणि मी हुश्श केलं. मग आम्ही दोघांनी मिळून सगळे लंबक हलवले, आणि घड्याळं वेळी-अवेळी वाजायला लागली तेव्हा इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

थोरांना नमस्कार, नातवाला पापा, आणि झाडांना तुमच्या आठवणीत ठेवा.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. तंत्रशाळा पैसे भरून बिनमर्यादेची मीटिंग द्यायला तयार होती. दादाने नको म्हटलं. फुकटचीच बरी, म्हणतो.

दुसरा ता. क. तुम्ही म्हणाल, हे सगळं मला माहीत आहे. असणारच. पाहुण्याच्या मागे तान्हं मूल रडत होतं, तेव्हा मलाही कळलं. दादाला पहिल्या शब्दालाच कळलं होतं. पण पडदा काळा असताना दुकानात काय झालं ते तुम्हाला दिसलं नसेल, म्हणून एवढं लिहिलं.

तिसरा ता. क. पत्र खरं तर यासाठी. वर्ग सोमवारपासून आहे. आज सकाळी दादा भिंग पुसता पुसता मला म्हणाला, "तिला लिहितोयस तर विचार, सोमवारी ती..." आणि थांबला. मी अंदाज करायचं सोडून दिलंय. वाक्य जसंच्या तसं तुमच्याकडे पाठवत आहे.