वीतभर फट

प्रिय ज्ञानेश्वरी,

तुझ्या वसतिगृहाची पाहणी करून मी नगरला परतले, त्याला आज अकरा दिवस झाले. निघताना तू डबाभर शेंगोळे दिलेस आणि मी धड आभारही मानले नाहीत. शेंगोळे उत्तम होते. हे सांगायलाही मला इतके दिवस लागले, यावरून पुढच्या मजकुराचा अंदाज तुला येईल.

कॉलेजातला शेवटच्या वर्षाचा तो दिवस तुला आठवतो का? माझ्या आराखड्यावर एकही खाडाखोड नव्हती. तुझ्या कागदावर चहाच्या कपाचे वर्तुळ उमटले होते. सुवर्णपदक मला मिळाले. पण सर तुझ्या कागदासमोर माझ्यापेक्षा चार मिनिटे जास्त उभे राहिले. ती मिनिटे मी मोजली होती. पुढे मी नेदरलँड्समध्ये शिकले, सिंगापूरमध्ये मजल्यामजल्यावर झाडे लावलेल्या मनोऱ्यांचे काम केले, बुर्किना फासोमधल्या मातीच्या शाळा पाहायला मुद्दाम गेले. पुण्यातल्या माझ्या इमारतीला पर्यावरणपूरक म्हणून सर्वोच्च मानांकन मिळाले. तिथे दिवसभर एसी चालतो, हे मी कोणत्याही भाषणात सांगत नाही. आणि तू शेवगावातच राहिलीस. दरवर्षी दिवाळीला तुझा फोन आला की मला तुझी कीव येई, आणि खरे सांगायचे तर त्या किवेत मला सुख होते.

म्हणून समितीने मला परीक्षक नेमले, तेव्हा मी आनंदाने होकार दिला. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी आणखी नऊ वसतिगृहे तुझ्या नमुन्याने उभारायची की सिमेंट आणि पत्र्याची, हे माझ्या अहवालावर ठरणार होते. मी चुका शोधायलाच आले होते. माती, चुना आणि उसाच्या चोथ्याच्या विटा. मी नखाने कोरून पाहिल्या, भुगा पडला नाही. बांबूच्या कमानींवर पाचटाचे जाड छत; गाठी ओढून पाहिल्या, एकही सैल नव्हती. पर्समधला तापमापक बाहेर एकेचाळीस दाखवत होता, आत तेहतीस. तो बिघडला असावा अशा आशेने मी तीनदा मोजले. मग मला दिसले, की भिंती छताला टेकतच नाहीत. छत वेगळ्या खांबांवर आहे आणि मध्ये वीतभर फट आहे. मला जणू हवे ते सापडले. मी त्या फटीकडे बोट दाखवले, तेव्हा तू मुलांना वाढण्यात गुंतली होतीस आणि उत्तर झुंबरबाईंनी दिले. ऊसतोडीचे तीस हंगाम कोपरगावकडच्या साखर कारखान्यांवर स्वतःच्या हाताने राहायची पाचटाची कोपी उभारलेली ती बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “एवढं शिकल्या तुमी, अन् कोपीला वरून वाट ठेवत्यात, हे न्हाई शिकवलं व्हय कुनी? वाट न्हाई ठेवली तर धूर अन् उकाडा लेकरांच्या डोक्यावरच बसतोय की!” मुले हसली. मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखे केले.

ज्ञानेश्वरी, मला ते शिकवलेले होते. बुर्किना फासोतल्या शाळांच्या छताखालची तीच मोकळी जागा मी नऊ वर्षे विद्यार्थ्यांना पडद्यावर दाखवत आले आहे. तुझी फट मी आठ ठिकाणी टेपने मोजली. आठही ठिकाणी बावीस सेंटिमीटर. चूक इतकी नेमकी नसते, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही अहवालात मी लिहिले: ‘भिंत व छत यांत फट. बांधकामातील गंभीर दोष.’ तापमान लिहिले नाही. जे मी जगभर हिंडून फक्त दाखवत राहिले, ते तू एका ऊसतोड कामगार बाईच्या शेजारी बसून बांधलेस, हे मला सहन झाले नाही.

एवढे करूनही मी कदाचित गप्प राहिले असते. पण समितीने पाठवलेला माझा अहवाल वाचून आज दुपारी तुझा निरोप आला. तू रागावली असतीस तर मला सोपे गेले असते. तू लिहिलेस: ‘आराधना, झुंबरबाई माझ्याशी भांडतायत, पण तू म्हणतेस म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार. सोमवारपासून फट बुजवायला घेते.’ वीस वर्षे मी तुझ्याकडून हेच ऐकायची वाट पाहत होते, आणि आज ते वाचून मला खुर्चीत बसवेना. समितीला मी दुसरा अहवाल पाठवला आहे. त्यात आठही मापे आणि दोन्ही तापमाने आहेत, आणि पहिल्या अहवालातले विधान मी जाणूनबुजून खोटे लिहिले, हेही. फोनवर मी सफाईदार बोलले असते, म्हणून हे पत्र. माझा शेजारी पॉलदादा उद्या, रविवारीच, चर्चमधली प्रार्थना आटोपून शेवगावला येईल आणि ते तुझ्या हातात देईल. मत्सर गेला असे मी म्हणणार नाही. हे लिहितानाही तो आहे. झुंबरबाईंना सांग, त्यांचे बरोबर होते. चिखल कालवून ठेवला असेल तर अंगणात ओतून दे. फट बुजवू नकोस.

अजूनही म्हणू देशील तर तुझीच,
आराधना