बाबांचे वाक्य पुरे होईपर्यंत

पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर निर्धास्त आहेत, मी नाही; म्हणून डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दबावाशिवाय मी हे मृत्युपत्र स्वतः टाइप करत आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर वडिलांचे आहे, त्यामुळे त्याबाबत उदार होण्याची संधी मला नाही. बँकेतली शिल्लक भाचीला द्यावी. माझ्या डायऱ्या रद्दीत घालाव्यात. त्यांत हवापाणी आणि स्वतःशी घातलेली हुज्जत आहे.

२. मागच्या खोलीतला सर्व्हर आणि त्याचे सगळे पासवर्ड धाकट्या भावाला. त्यावर पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसांची साइट चालते. ती तिथे एकमेकांना निरोप लिहितात. बाबाही लिहितात, डाव्या हाताच्या एका बोटाने.

३. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक मुदत असते. पान उघडून बसलेल्याने तेवढ्या वेळात काही पाठवले नाही, तर तो उठून गेला असे समजून सर्व्हर त्याला बाहेर काढतो आणि लिहिलेले पुसले जाते. मी ती मुदत दिवसभराची केली आहे. भावाला हे कधीच पटले नाही.

"ताई, दार सताड उघडं टाकून झोपण्यासारखं आहे हे."

"बाबा लिहीत असतात रे."

"मग जरा भरभर लिहायला सांग की."

बाबा शेजारीच बसले होते. त्यांची वाचा गेली आहे, कान शाबूत आहेत.

मी तपासण्यांसाठी दवाखान्यात होते तेव्हा त्याने सर्व्हर अपडेट केला आणि मुदत पूर्ववत अर्ध्या तासाची केली. बाबा त्यांच्या मित्राला, शिंपीकाकांना, लिहीत होते. अर्धवट निरोप पुसला गेला. बाबांनी संगणकावर टॉवेल टाकला, तो मी घरी येऊन काढेपर्यंत तसाच होता.

४. भावाचे म्हणणे चूक नाही, हे नमूद करणे मला भाग आहे. उघड्या राहिलेल्या पानावरून कोणीही परका दुसऱ्याचे निरोप वाचू शकतो. लिहिलेले आपोआप साठवण्याची सोय करून मुदत कमी करता येईल. ते मला जमले नाही, त्याला जमेल. मग माझा राग कशाचा? तो बाबांचे प्रत्येक वाक्य स्वतःच पुरे करतो, याचा. आईही करायची. मीही करते, फक्त मनात.

५. म्हणून एकच अट. ती मुदत बदलण्यापूर्वी त्याने बाबांच्या शेजारी बसून त्यांचा एक निरोप पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत पाहावा. शब्द सुचवू नये. त्यानंतर त्याला योग्य वाटेल ते करावे. माझी हरकत नाही.

६. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. मी बाबांना विचारले, "माझी खुर्ची हवी की साक्ष?" त्यांनी टाइप केले, "साक्ष. खुर्ची करकरते." खुर्ची वकीलबाईंना.

ठिकाण: मागची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा सोमवार

मृत्युपत्र करणारी: (सही)
साक्षीदार १: शेजारच्या औषधवाल्या काकू (सही)
साक्षीदार २: वडील (सही)

सगळ्यांनी एकमेकांसमोर सह्या केल्या. वडिलांची सही डाव्या हाताची आहे. ती होत असताना चहा निवला. भावाने दोनदा पेन सावरायला हात पुढे केला आणि दोन्ही वेळा मागे घेतला.