परसातलं काटेरी फूल

४ मार्च १९९७
पुन्हा तेच! अक्का, यांच्या थोरल्या बहीण, दोन गल्ल्या पलीकडून रोज येतात आणि चप्पल काढायच्या आधी सुरू — "ते काटेरी आधी काढ गं. घरात आजारी माणूस आणि परसात काटे!" म्हटलं, गाजर-कोथिंबिरीच्या कुळातलं आहे ते, निवडुंग नाही. तर म्हणतात, "कोथिंबिरीला काटे असतात होय?" डोकं फिरतं माझं.

९ मार्च
यांचा उजवा हात अजून उचलत नाही. बोलणं अडखळतं. खिडकीतून परसाकडे बघत बसतात. दोन वर्षं यांनी जिवाचं रान केलं त्या काटेरी एरिंजियमसाठी — बी दीड महिना फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी! पहिल्या वर्षी नुसती पानं. आता कुठे दांडा वर आलाय, टोकाला हिरवे गोंडे धरलेत, पिकले की निळे होतात म्हणे. आज यांनी विचारलं, "निळं... झालं?" म्हटलं, "जरा थांबा. होतंय."

१० मार्च
हिरवेच.

१७ मार्च
यांना अर्धांगाचा दुसरा झटका. हॉस्पिटलात ठेवलंय. डॉक्टर काही धड सांगेनात.

१८ मार्च
यांचे कपडे न्यायला सकाळी घरी आले आणि परसात गेले. काय अंगात आलं माझ्या! अक्कांचंच बोलणं कानात. दोन्ही हातांनी धरून ओढलं. मूळ गाजरासारखं सरळ खोल गेलेलं — मध्येच तुटलं. तळहात रक्ताळले तेव्हा भान आलं. तुटकं तसंच परत रोवलं, पाणी घातलं. वीस वर्षं शाळेत सायन्स शिकवलं मी! लाज वाटते.

२३ मार्च
झाड मेलं. काढून टाकलं. हे मात्र उद्या घरी येणार!

२४ मार्च
टॅक्सीतून उतरवून खिडकीशी बसवलं. रिकामी जागा दिसली. "कुणी?" एवढंच म्हणाले. अक्का माझ्या हातावरच्या पट्ट्यांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मी काढलं रे प्रताप." यांनी तोंड फिरवलं. आणि मी गप्प!
मागून स्वयंपाकघरात आल्या. "सरी, सोड आता. माझ्यावर रुसला तर चालेल. तुझ्यावर रुसला तर त्याला भरवायचं कोणी?"

२ एप्रिल
हे अक्कांशी बोलत नाहीत. त्यांनी आणलेली गंजी, तांदळाची पातळ पेज, तोंडाला लावत नाहीत. त्या बिचाऱ्या डबा तसाच परत नेतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा आणतात. रोज ठरवते, आज यांना खरं सांगायचं. हे मला हात धरून बसवून घेतात आणि माझं धाडस होत नाही. उद्या नक्की.

११ एप्रिल
हे सकाळी गेले. शेवटचं गंगेचं पाणी घालायला अक्कांनी चमचा पुढे केला — यांनी ओठ घट्ट मिटले. मग मी घातलं. माझ्या हातचं घेतलं.