पांढऱ्या फियाटचा पोचा

अण्णा, तुमची गाडी यंदा पूर्ण झाली. तीच पांढरी फियाट, मूळ गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याची, माझ्या पंजाहून किंचित आखूड. दारं उघडतात. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांडीलाच आहे. मागच्या काचेखाली आईनं विणलेला क्रोशाचा रुमालसुद्धा आहे, तो मी एका धाग्यावर डिंक लावून सुईनं ओढून ओढून केला. आणि मागं डाव्या कोपऱ्यात पोचा आहे. तुम्ही असतात तर आधी गाडीचं तोंड रस्त्याकडे आणि पाठ भिंतीकडे केली असतीत. खऱ्या गाडीचं तुम्ही वीस वर्षं तेच केलंत. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, गुरुजी गाडी नेहमी निघायच्या तयारीत ठेवतात.

हे पत्र टाकायचं कुठं, याची मी चिंता केलेली नाही. तर्पणाचे तीळ आणि पाणी पितरांना पोचतं असं तुम्ही छातीठोकपणे सांगायचात. पत्राबद्दल धर्मशास्त्रात मला काही सापडलं नाही, आणि अठरा वर्षांत तुमच्याकडूनही पोच नाही. तेव्हा मोकळेपणानं लिहितो. तुम्ही जिवंत असताना तुमच्याशी बोलताना मी आधी मनात वाक्य जुळवायचो, विभक्ती तपासायचो आणि मग गप्प बसायचो. ती सवय आता मोडली आहे.

मी अंबडच्या शाळेत संस्कृत शिकवतो आणि उरलेल्या वेळात गाड्या जोडतो, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. म्हणजे संस्कृत ठाऊक होतं. गाड्या मी तुम्ही गेल्यावर पुन्हा सुरू केल्या. सुट्या भागांचा डबा विकत मिळतो, तो उघडला की प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले शेदीडशे तुकडे निघतात. ते कापायचे, कापल्याची गाठ पॉलिश पेपरनं घासायची, चिमट्यात धरून जोडायचे, प्रायमर मारायचा, वाळला की पुन्हा घासायचं. घाई केली की रंग ओघळतो. तुमची हुबेहूब गाडी डब्यात मिळत नाही, तिचं सख्खं भावंड शोभेल अशी परदेशी गाडी मिळते. तिची जाळी आणि दिवे मी कापून नव्यानं केले. आपल्या काळ्या रानातली माती फडक्यातून गाळून ती मडगार्डखाली ब्रशनं बसवली. तुमची सून म्हणते, इतक्या बारकाईनं एकदा न्हाणीघरातला नळ बघा. नळानं माझं काही वाकडं केलेलं नाही, असं मी तिला सांगितलं.

आता त्या सकाळीबद्दल. राजूरला गणपतीसमोर नवी गाडी आणायची आणि तुमच्याकडून पूजा करून घ्यायची, ही तालुक्याची रीतच होती. ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकली, एकदा तर मळणीयंत्र. बॉनेटवर तुमच्या अनामिकेनं काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक, हार, नारळ, आणि शेवटी चारी चाकांच्या नावाची चार लिंबं, पुढच्या दोन चाकांच्या पुढं. मग तुम्ही बाजूला होऊन म्हणायचात, "हळूच पुढं घ्या." लिंबू फुटायचं, तुम्ही म्हणायचात, "गेलं विघ्न," आणि मालकाच्या चेहऱ्यावर असं समाधान यायचं की जणू आता त्या गाडीचं चाकसुद्धा पंक्चर होणार नाही. मग तुम्ही स्वतः गाडी घेतलीत. जुनीच, पण पांढरीशुभ्र. तुमच्या पट्टशिष्यानं आठ दिवस माळावर नेऊन तुम्हाला चालवायला शिकवलं. मुहूर्त तुम्हीच काढलात, सूर्योदयाच्या जरा आधीचा. दुकानांच्या फळ्या अजून लागलेल्या आहेत, रस्त्यावर एक कुत्रं सोडून कोणी नाही. आई तीर्थ आणायला वर देवळात गेली आहे. मी दहावीची परीक्षा दिलेला, हातात ताम्हण धरून गाडीच्या बाजूला उभा. वहाणा काढून तुम्ही स्टिअरिंगमागे बसता, देवाला हात जोडता, गिअर टाकता, आणि गाडी एकदम मागं उसळते. नारळवाल्याच्या दगडी ओट्यावर तिचा मागचा कोपरा आदळतो. इंजिन बंद पडतं.

तुम्ही उतरलात. मागं काय झालं ते तुम्ही पाहिलंच नाही, तुम्ही पुढं पाहिलंत. चार हात अंतरावर चारी लिंबं जशीच्या तशी होती, हिरवट पिवळी, वर हळदकुंकू. पुन्हा स्टिअरिंगमागे बसायची तुमची छाती झाली नाही. तुम्ही रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकलीत. मग वहाणा पायात घातल्यात आणि एकेका लिंबावर टाच ठेवून चारही फोडलीत. एक फोड उचलून पुढच्या टायरला चोळलीत. मी इतका तुमचा विद्यार्थी होतो, अण्णा, की गाडी मागं गेल्यास करायचा हा काही तरी प्रायश्चित्तविधी असेल असं मला वाटलं. मंत्र का म्हणत नाहीत, एवढाच प्रश्न मला पडला.

आई पायऱ्या उतरून आली. "हे काय झालं?"

"पूजा यथासांग झाली," तुम्ही म्हणालात. "लिंबं फुटली. मी प्रसाद काढायला वळलो, तर हा आत जाऊन बसला अन् गाडी मागं घेतली. गाड्यांचं याड लागलंय त्याला, दुसरं काय."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही तीर्थासाठी हात पुढं केला होता, आणि तीर्थ घेताना मध्ये बोलू नये हे तुम्हीच मला शिकवलं होतं. आहुती देताना तुम्ही "इदं न मम" म्हणायचात. पोच्याच्या बाबतीतही तेच म्हणालात, हे माझं नाही, फक्त मराठीत.

का केलंत, ते आज कळतं. ज्याच्या स्वतःच्या गाडीनं लिंबं ओलांडली नाहीत, त्याला दुसऱ्याच्या ट्रॅक्टरसमोर कोण उभं करणार? हे कळतं म्हणून माझा राग कमी होत नाही, उलट त्याला नीट आकार येतो. कारण तुम्ही तिथं थांबला नाहीत. हैदराबादच्या मामानं आणलेला माझा पहिला डबा, त्यातली लाल उघड्या टपाची गाडी, तिचं अर्धं इंजिन मी जोडून ठेवलं होतं. तुम्ही ते सगळं बंबात घातलंत. दुसऱ्या दिवशी सकाळचं तुमचं स्नान त्या गाडीच्या ऊनऊन पाण्यानं झालं आणि आंघोळीनंतर तुमच्या अंगाला जळक्या प्लास्टिकचा वास येत होता, तरी तुम्ही संध्येला बसलात. जालन्याच्या आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा फॉर्म मी भरला होता. तो तुम्ही चार तुकडे करून माझ्याच हातात दिलात आणि जूनमध्ये मला गोदाकाठच्या पाठशाळेत सोडून आलात. त्याच गाडीतून. शिष्य चालवत होता, तुम्ही पुढं बसला होतात. मी मागं, पोच्याच्या बाजूला. तिथं मी आठ वर्षं धातू घोकले. चांगले घोकले, हेही लिहून ठेवतो, नाही तर तुम्ही वर कोणापुढं तरी माझी उजळणी घ्यायला बसाल. सुट्टीत घरी आलो की गाडी धुवायचं काम माझ्याकडे. "ज्यानं ठोकली त्यानं धुवावी," असं तुम्ही माझ्या तोंडावर, डोळ्याला डोळा देऊन म्हणायचात. पोचा पुसताना माझी वीत त्यात बरोबर बसायची. म्हणून मला त्याचं माप ठाऊक आहे.

एवढ्यावर मी कदाचित गप्प राहिलो असतो. पण तुमच्या शिष्यानं या गोष्टीचं कीर्तन केलं. दर पुण्यतिथीला राजूरच्या मंगल कार्यालयात शेसव्वाशे लोक जमतात, तुमच्या फोटोला हार घालतात आणि तो उभा राहून सांगतो, "पोरानं नवी कोरी गाडी ठोकली. दुसरा बाप असता तर चामडी लोळवली असती. गुरुजींनी काय केलं? त्याला शिक्षा म्हणून संस्कृत दिलं." लोक हसतात, माझ्याकडे वळून बघतात, आणि मीही हसतो. तुमच्या हयातीतही तो ही गोष्ट सांगायचा. तुम्ही ती ऐकताना मान खाली घालून स्मित करायचात, क्षमाशील माणसानं करावं तसं. त्या स्मितासाठी मी ही गाडी बनवली. न्यायशास्त्रात प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही प्रमाणं शिकलो, तेव्हाच मला खटला समजला होता. तुमचा शब्द प्रमाण ठरला. माझं प्रत्यक्ष कोणी विचारलं नाही. माझ्या वाट्याला अनुमान राहिलं होतं, आणि अनुमानाला हेतू लागतो, अग्नी ओळखायला धूर लागतो तसा. हेतू चार होते.

ते मी बाजरीच्या दाण्यांचे केले. बारीक दाणे निवडून पिवळे रंगवले. लाकडी पाटीवर रस्ता केला, प्लास्टरचा दगडी ओटा केला, गाडी मागच्या कोपऱ्यानं त्याला टेकवून उभी केली आणि पुढं, चार हातांच्या हिशेबानं, चार लिंबं ठेवली. अखंड. यंदाच्या पुण्यतिथीला पाटी नेऊन तुमच्या फोटोशेजारी टेबलावर ठेवली आणि पहिल्या रांगेत आईजवळ बसलो.

शिष्य वाकून बघायला लागला. आता त्याचीही सत्तरी उलटली आहे. "काय हात आहे," तो माइकवर म्हणाला. "अन् पोचासुद्धा ठेवलाय. मंडळी, स्वतःची चूक अशी चारचौघांत मांडायला मोठं मन लागतं. हे संस्कार गुरुजींचे." टाळ्या पडल्या. अण्णा, त्या क्षणी तुम्ही फोटोतून जिंकलात असं मला वाटलं. इतक्या महिन्यांचं घासकाम, आणि मी माझाच कबुलीजबाब तयार करून आणला होता.

पण केदारखेड्याचे ते म्हातारे बागायतदार, ज्यांच्या तीन ट्रॅक्टरांची पूजा तुम्ही केली होती, ते काठी टेकत टेबलाशी आले. चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. "लिंबं फुटली न्हाईत की ओ ही."

"शोभेचं आहे, काका," शिष्य म्हणाला.

"शोभेचं असंल. पर गाडी वट्ट्याला टेकली अन् लिंबं पुढं शाबूत. म्हंजी गाडी पुढं आलीच न्हाई. पूजेलाच मागं गेली." ते माझ्याकडे वळले. "मास्तर, असंच झाल्तं का?"

"असंच झालं होतं."

"अन् पूजेच्या टायमाला चालवून कोण राह्यलं होतं?"

"ज्यांची गाडी, ते."

ते तुमच्या फोटोकडे वळले. "गुरुजी, मला तर हळूच पुढं घ्या म्हणून सांगत होते तुम्ही. मंग स्वतःला का न्हाई सांगितलं?"

कार्यालय हसलं. मागच्या रांगांना पुढच्यांनी समजावून सांगितलं आणि त्या दुसऱ्यांदा हसल्या. तालुक्यात ज्याच्या घरी चाक आहे, त्याला लिंबाचा अर्थ सांगावा लागत नाही. शिष्यानं माइक खाली ठेवला आणि या वर्षी गोष्ट सांगितली नाही. तुमच्या हाराखाली, तुमच्याच नावच्या पंक्तीआधी, लोक तुम्हाला हसत होते, आणि मी खुर्चीत मांडी बदलून ते नीट ऐकत होतो. मला बिलकुल वाईट वाटलं नाही. वाटेल म्हणून मी थोडा वेळ वाटसुद्धा पाहिली.

घरी येताना गाडीत आई म्हणाली, "त्यांच्या वहाणांना आठ दिवस लिंबाचा वास येत होता."

मी गाडी बाजूला घेतली. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"वहाणा उंबऱ्याशी मीच ठेवायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाला बोलू? तू तर कबूल करून बसला होतास."

"मी कुठं कबूल केलं?"

"नाही असंही म्हणाला नाहीस." मग तिनं मोसंबीच्या बागांकडची काच खाली केली. "चांगली केलीस गाडी," ती म्हणाली. "त्यांना झोंबली असती." तिचं वय आता ऐंशीच्या पुढं आहे, तिच्यावर रागवायला मला आणखी एक पाटी आणि आणखी एक जन्म लागेल, तेव्हा तिचं पत्र राहू दे. सध्या तुमचं चालू आहे.

पाटीवरून काढलेली गाडी आता माझ्या कपाटात आहे, काचेमागं, पाठ खोलीकडे. येणाराजाणारा आधी पोचाच बघतो. तो करणं सगळ्यात अवघड होतं. प्लास्टिक आतून घासून कागदाइतकं पातळ करायचं, मेणबत्तीवर चमच्याचा दांडा तापवायचा आणि बेतानं दाबायचं. जोर जास्त झाला तर भोक पडतं. मी तो एका दमात केला. वीतभर पोचा, चोविसाव्या हिश्श्यानं, साडेनऊ मिलिमीटरचा व्हायला हवा. माझा बारा आहे. हात घसरला असं इथं लिहिणार होतो, पण हात घसरला नव्हता. माप समोर लिहून ठेवलेलं होतं, ते मी वाचलं आणि चमचा आणखी थोडा दाबला.