पाण्यात घेतलेलं माप

१९ मे

चि. ठकू हिस, बाबांचे तेलकट हातांनी आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. दर वेळी आई लिहिते आणि मी खाली दोन ओळी खरडतो, या वेळी उलटं झालंय, एवढंच. तिला सध्या सवड नाही. बाकी आमचं बरं चाललंय. स्वयंपाकघरातला नळ गळायचा तो गळतोच आहे. आईने शिलाई मशीन झाकून त्यावर कुंडी ठेवलीय. म्हणते, पुरे झाले आता लोकांचे कपडे.

होडी विकून आम्ही तुझ्याकडे राहायला यायचं हे आपलं ठरलंय, ते मी विसरलेलो नाही. गिऱ्हाईकही मिळालं, एक दंतवैद्य. पण इंजिनाने माझा पिच्छा पुरवला. या हिवाळ्यात होडी बाहेर काढून पहिल्यांदाच इंजिन सुटं करून साफ केलं, परत बसवलं, रंग दिला आणि होडी पाण्यात सोडली. गिअर टाकला मात्र, फळ्या, कपाटातले कप, माझी कवळी, सगळं खडखडायला लागलं. अशी होडी दंतवैद्याला कोणत्या तोंडाने दाखवायची?

मिस्त्री म्हणाला, इंजिन म्हातारं झालंय. मी म्हटलं, म्हातारा तर मीही झालोय, माझ्यामुळे कप वाजतात का? इंजिनाखालचे रबरी माउंट बदलले, डिझेलचा फिल्टर बदलला, होडी ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात दोर अडकलाय का तेही पाण्यात उतरून पाहिलं. थरथर जशीच्या तशी. गंमत अशी, की गिअर काढला की इंजिन शहाण्या बाळासारखं चालायचं आणि टाकला की थयथयाट. म्हणजे खोट इंजिनात नव्हती, इंजिन आणि पंख्याचा दांडा जिथे जोडलेत तिथे होती. तिथे दोन लोखंडी चकत्या समोरासमोर बोल्टने आवळलेल्या असतात. त्या केसभर तिरक्या झाल्या तरी सगळी होडी हलते. पण त्या तर, होडी बाहेर असताना, मीच खपून जुळवल्या होत्या!

हे मी जेवताना सांगत होतो. खरं सांगायचं तर हल्ली दुसरं काही बोलायला लागू नये म्हणून मी इंजिनाबद्दलच बोलतो. आई ऐकत होती. मग म्हणाली, "अहो, माप होडी बाहेर असताना घेतलंत ना?"

"मग काय, बुडी मारून घेऊ?"

"गिऱ्हाईकाला आडवं करून कधी माप घेतलंय मी? आडवा माणूस वेगळा, उभा वेगळा. पोट कुठल्या कुठे जातं! तेव्हा ती टेकूंवर होती, आता पाण्यात बसलीय. तिचं अंग बदललं नसेल?"

मी हसलो. एवढी भक्कम लाकडी होडी, ती काय पोट आत घेणार? पण सकाळी बोल्ट सैल केले.

ठकू, ती खरंच बदलली होती. बाहेर असताना चकत्यांमध्ये फट मोजायच्या जुडग्यातलं सर्वांत पातळ पोलादी पातंसुद्धा शिरत नव्हतं, आणि आता वरच्या बाजूला चक्क फट. पाणी चहूबाजूंनी उचलून धरतं तेव्हा ती अंग सैल सोडते, आणि वर बसलेल्या माणसाला पत्ताही नसतो. इतकी वर्षं मी तिच्यावर वावरलो, मला वाटायचं मी तिला ओळखतो. तिथेच तेलात फतकल मारून बसून राहिलो.

आता जे टाळतोय ते लिहितो. आईच्या उजव्या हाताला कंप सुटलाय. मशीन त्यामुळे झाकलंय आणि पत्रही त्यामुळेच मी लिहितोय. आजाराचं नाव भेटीत सांगेन, कागदावर लिहवत नाही. तो बरा होत नाही, गोळ्यांनी आटोक्यात राहतो. तुला कळवायचं नाही अशी तिने तंबी दिली होती, आणि ती मोडायचं धैर्य मला नव्हतं.

फट मोजायला इंजिनाच्या मागे खोल हात घालावा लागतो. माझा पंजा शिरेना. आईही होडीवर आली होती. आई म्हणाली, "सरका." तिच्या हातातली पाती एकमेकांवर वाजत होती. मला बघवेना, मी तोंड फिरवलं. मग वाजणं थांबलं. वळून पाहतो तर पातं फटीच्या तोंडाशी आणि हात अगदी स्थिर, सुईत दोरा ओवताना असायचा तसा. रिकामा हात जास्त हलतो, कामाला लागला की पुष्कळदा थांबतो, असं डॉक्टर म्हणाले होते. मला वाटलं होतं, आपली समजूत घालतायत. "वर सैल, खाली घट्ट," ती सांगत गेली, मी माउंटचे नट फिरवत इंजिन वरखाली करत गेलो.

गिअर टाकला. एक कप वाजला नाही.

तसेच बाहेर गेलो. शीड उभारलं, इंजिन बंद केलं आणि सुकाणूचा दांडा आईने घेतला, उजव्या हातात. होडी वाऱ्यावर कलली, तिने सावरली. थोड्या वेळाने तिने हात मांडीवर ठेवला, तो थरथरायला लागला. दांडा धरला, थांबला. पुन्हा सोडला, पुन्हा धरला. "बघितलंत?" म्हणाली आणि पोरीसारखी हसली. मी बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात मी इतका थक्क कधी झालो नव्हतो.

दिवसभराचं शिवण तिला आता झेपणार नाही, आणि पुढे हेही झेपेल की नाही कोण जाणे. पण आज झेपतंय. म्हणून दंतवैद्याला नकार कळवलाय. आम्ही तुझ्याकडे राहायला येत नाही. रागाव हवं तर, पण रागावायला इथे ये. आणि आलीस की तिच्या हाताकडे बघत बसू नकोस, त्या हातात काहीतरी काम दे.

घरात कोणाला ओळखतो याची आता खात्री न उरलेले,
तुझे बाबा

ठकू, हे सगळं यांना मीच लिहू दिलं. पेन टेकेपर्यंत हात हलत होता, आता नाही. अक्षर बारीक झालंय, चष्मा लावून वाच. पण माझंच आहे.
आई